दोन समुद्रांमधला तालुका: बेळगाव-खानापूर भागात प्लॅस्टिकविरुद्धचं काम कसं सुरू करायचं

खानापूर तालुक्यात पडलेल्या पावसाला दोन वाटा आहेत. कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, कुडलसंगमला कृष्णेत मिळते आणि तिथून बंगालच्या उपसागराला. त्याच तालुक्यातल्या देगावच्या डोंगरातली म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातला कचरा दोन समुद्रांच्या वाटेला लागतो तो असा. सगळाच तिथवर पोचतो असं नाही. मलप्रभेच्या वाटेत नविलुतीर्थाचं धरण आहे, बराचसा तिथंच गाळात बसत असणार. पण आपल्याकडे समुद्र नाही म्हणून तो विषय गोवा-कोकणवाल्यांचा, असं म्हणून सुटता येत नाही.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या युवक मंडळांसाठी, महिला मंडळांसाठी आणि एकट्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठीही आहे. भाषणाला उपयोगी पडेल असं यात फार नाही. काय करायचं, कुणाकडे जायचं, कागदावर काय लिहायचं, एवढंच आहे.

आधी पाण्याची वाट चाला

एका रविवारी सकाळी गल्लीतल्या गटारीपासून निघा आणि पाणी जाईल तसं चालत राहा. गटार कुठल्या ओढ्याला मिळते, ओढा कुठल्या नदीला, हे कागदावर काढा. बेळगावात शहापूर-वडगाव बाजूला राहत असाल तर बळ्ळारी नाला लागेल. हा नाला तुंबला की शिवारातल्या भातात पाणी उभं राहतं, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर तर कुणीच विसरलेलं नाही. पूर प्लॅस्टिकनं आला असं कुणी म्हणणार नाही, पण मोऱ्यांच्या तोंडाशी काय अडकलं होतं ते आपण डोळ्यांनी बघितलंय.

चालताना तीन जागांवर खूण करा: जिथं लोक कचरा टाकतात, जिथं तो अडकतो आणि जिथं तो जाळतात. शेवटची जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण जाळलेला कचरा दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवलाय. आपल्याकडे सकाळी झाडलोट झाली की काडी लावायची पद्धत इतकी मुरलीय की दंडाचं सांगितलं तर लोक हसतात. हसू दे. जागा नोंदवून ठेवा, पुढं अर्जात लागते.

आठ दिवस मोजा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच बहुतेक जण तो गाळतात. गाळू नका. दहा-बारा घरं धरा. प्रत्येक घराला एक रिकामं पोतं द्या आणि सांगा, आठ दिवस घरातलं सगळं प्लॅस्टिक यातच टाका, खरकटं तेवढं निथळून. आठव्या दिवशी पोती गोळा करा, ताणकाट्यावर वजन करा आणि मग परड्यात ताडपत्री पसरून त्यावर ओता.

आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय की बाई, कचऱ्याची वाटणी चाललीय होय?" थोड्या वेळानं त्याच खाली बसून दुधाच्या पिशव्या वेगळ्या करत होत्या आणि आम्हाला न दिसलेली गोष्ट त्यांनाच दिसली. एकाही पिशवीला कोपरा नव्हता. दूध ओतताना कापलेला तो नखाएवढा त्रिकोण पोत्यात आलाच नव्हता. तो मोरीत गेला होता, मोरीतून गटारीत. तेव्हापासून गल्लीत पहिला नियम तोच: पिशवी कापा, पण कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. याला ना पैसा लागतो, ना ठराव.

ताडपत्रीवरच्या कचऱ्याचे चार ढीग करा. पहिला, भंगारवाला घेतो तो: पाण्याच्या बाटल्या, डबे, बादल्या. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ आकडा असेल तर ती पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची, २ असेल तर जाड डब्याच्या जातीची, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दुसरा ढीग दुधाच्या आणि इतर स्वच्छ पातळ पिशव्यांचा. साठवल्या तर त्यांनाही गिऱ्हाईक मिळतं. तिसरा चकचकीत पाकिटांचा: वेफर्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या. यांत प्लॅस्टिकचे थर आणि बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारात त्याला कुणी विचारत नाही. त्यांचा उपयोग फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून होतो, आणि अशा भट्ट्या यादवाड-बागलकोट बाजूला आहेत. चौथा ढीग थर्मोकोल, प्लॅस्टिकचा थर दिलेले कागदी कप, पातळ कॅरीबॅग असल्या बंदीतल्या किंवा निरुपयोगी मालाचा.

प्रत्येक ढिगाचं वजन वेगळं लिहा आणि तिसऱ्या ढिगात नग मोजून कंपनीचं नावही लिहा. वजनात तो हलका भरतो, नगात मात्र सगळ्यांना मागं टाकतो. हीच वही पुढं तुमचा पुरावा. साहेबासमोर "फार कचरा झालाय" म्हटलं तर तो मान डोलावतो. बारा घरांचा आठ दिवसांचा आकडा ठेवला की पेन उचलतो.

एकच वस्तू धरा

सगळं प्लॅस्टिक बंद करा, ही मागणी कुणालाच पाळायची नसते, म्हणून ती सगळ्यांना मान्य असते. त्यापेक्षा वहीत बघा आणि एक वस्तू निवडा: गावच्या जत्रेतली थर्मोकोलची ताटं, चौकातले फ्लेक्स किंवा बाजारातली पातळ पिशवी.

फ्लेक्सबद्दल थोडं बोलतो. आपल्याकडे बोर्डावरची भाषा कुठली, अक्षरं वर कुणाची, खाली कुणाची, यावरून डोकी फुटायची वेळ येते. बोर्ड कशाचा केलाय, हे मात्र दोन्हीकडच्या कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. कर्नाटकानं ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेनं फ्लेक्स आणि प्लॅस्टिकच्या बॅनरवर बंदी घातली, त्यात भाषेची अट नाही. तरीही नव्या मंडळानं सुरुवात फ्लेक्सपासून करू नये असं मी म्हणेन. प्रत्येक फ्लेक्सवर कुणाचा तरी नेता असतो आणि तुमचं पर्यावरणाचं काम पहिल्याच आठवड्यात राजकारणात ओढलं जातं.

जत्रेपासून सुरुवात करा. ती सगळ्यांची असते.

जत्रेची भांडी

गावजत्रेला घरोघरी पाहुणे, सार्वजनिक जेवणात पंक्तीवर पंक्ती, आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या खड्ड्यात पांढरा डोंगर. थर्मोकोलची ताटं-ग्लास कर्नाटकात २०१६ पासून बंद आहेत. देशभरात १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकची ताटं, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचं आवरण, फुग्याच्या काड्या, सजावटीचं थर्मोकोल हे सगळं बंद झालं. तरी माल मिळतो, कारण मागणी आहे. मागणी तोडायची तर ताटाला पर्याय हातात हवा.

त्यासाठी भांडी बँक काढा, म्हणजे भाड्यानं द्यायची गावाची भांडी. पहिल्या वर्षी तीनशे स्टीलची ताटं, तेवढेच ग्लास आणि वाट्या पुरतात, कारण पंगत फिरती असते. पैसा एकदम उभा राहत नाही. आमच्याकडे ज्यांच्या घरी लग्न, मुंज, वास्तुशांत झाली त्यांच्याकडून आहेराऐवजी दहा-दहा ताटं घेतली आणि ताटाच्या मागं नाव कोरून दिलं. नाव कोरायचं म्हटल्यावर दहाची पंधरा होतात, हा अनुभव.

खरी अडचण खरेदीची नाही, धुण्याची आहे. कोण धुणार हे आधी ठरवलं नाही तर ते बायकांच्या गळ्यात पडतं आणि पुढच्या वर्षी त्याच म्हणतात, "थर्मोकोलच बरं की." बरोबरच म्हणतात. म्हणून भाड्यातच धुण्याची मजुरी धरा आणि ते काम गावातल्या बचत गटाला पैसे देऊन द्या. तीन घमेली मांडा: पहिल्यात खरकटं काढायचं, दुसऱ्यात राखेनं किंवा साबणानं घासायचं, तिसऱ्यात गरम पाणी. खरकटं गुरांना किंवा खतखड्ड्यात. ताटं मोजून द्या, मोजून घ्या, कमी भरलेल्या ताटाचे पैसे अनामतीतून कापा. यात भिडेखातर सूट दिली की दोन वर्षांत बँक रिकामी.

स्टील पुरत नसेल तिथं पानांच्या पत्रावळ्या आणि द्रोण. खानापूरच्या रानात पानांना तोटा नाही, पण घेताना उलटून बघा. पानाच्या खाली प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेल्या पत्रावळ्याही बाजारात येतात. पाण्यात भिजवून नखानं ओढा, पापुद्रा निघाला तर माल परत करा.

तारखा खिशात ठेवा

दुकानदाराचं नेहमीचं उत्तर: "माल कोल्हापूरहून येतो, तिकडं चालतं." चालत नाही. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून दंड सुरू झाला. कर्नाटकातली बंदी त्याच्याही दोन वर्षं आधीची. निपाणीच्या पलीकडचं कागल असो की अलीकडचं कोगनोळी, पातळ पिशवी दोन्हीकडे बेकायदाच. केंद्राच्या नियमात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही, पण कर्नाटकाची बंदी जाडी बघत नाही. त्यामुळे "आमची जाड आहे" हेही उत्तर नाही.

दुकानदाराशी मात्र भांडू नका. तो गल्लीतलाच माणूस. त्याला सांगा की आठवड्याच्या बाजारी आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून ठेवतो, तू दहा रुपये अनामत घेऊन दे, पिशवी परत आली की पैसे परत.

अर्ज: कुठल्या भाषेत, कुणाला

आपल्या भागातलं निम्मं काम इथं अडतं. मराठीत अर्ज दिला की खिडकीतला माणूस "कन्नडमध्ये आणा" म्हणतो, आपण चिडतो, परत येतो, आणि कचरा तिथंच राहतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

तक्रार किंवा निवेदन मराठीत देता येतं. राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा. २००५ च्या त्या कायद्याच्या ६ (१) कलमात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे. म्हणून तो कन्नडमध्येच लिहा. आपली शाळेतली पोरं कन्नड लिहितात, त्यांना बसवा. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

भाषेचा मान राखायचाच असेल तर निवेदन डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड असं एकाच कागदावर द्या. अर्जाला कन्नडातही अर्जीच म्हणतात, ठरावालाही ठरावच. कचऱ्याला कस. हसि कस म्हणजे ओला, ओण कस म्हणजे सुका. भंगाराला गुजरी. एवढे शब्द आले तरी पंचायतीतलं बोलणं सोपं होतं.

गावात अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, म्हणजे पीडीओकडे. बेळगाव शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, आणि प्रत वॉर्डाच्या नगरसेवकाला. कारखाना किंवा मोठा जाळण्याचा प्रकार असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाकडे. दोन प्रती न्या, दुसरीवर त्या कार्यालयाच्या टपाल विभागाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय जिना उतरू नका. मी एकदा शिक्क्याविना परत आलो होतो आणि महिन्यानं त्याच टेबलावर "असा अर्जच आलेला नाही" हे ऐकलं.

निवेदन असं असावं:

"विषय: आमच्या गल्लीतील सुका कचरा आठवड्यातून दोनदा उचलण्याबाबत. आम्ही बारा घरांनी अमुक ते अमुक तारखेपर्यंत प्लॅस्टिक वेगळे साठवून मोजले. एकूण इतके किलो भरले, पैकी इतके भंगारात जात नाही. गाडी येत नसल्याने ते ओढ्याकाठी जाळले जाते, जागेचा फोटो जोडला आहे. विनंती: १) गाडीचा वार व वेळ लेखी कळवावी. २) जाळण्यास मनाई करणारा फलक लावावा. ३) हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा."

तीनच मागण्या, प्रत्येक मागणी अशी की तिचं उत्तर हो किंवा नाही येईल.

माहिती अधिकारात काय विचारायचं? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत पंचायतींचे ६० टक्के पैसे बांधील आहेत, निम्मे स्वच्छतेला, निम्मे पाण्याला. स्वच्छतेचे किती आले, कशावर गेले, कचरा गाडीच्या नोंदवहीची प्रत द्या, एवढं पुरे. बऱ्याच पंचायतींत ही गाडी बचत गटाच्या महिला चालवतात. गाडी बंद असेल तर आधी त्यांना जाऊन भेटा. बऱ्याचदा दोष त्यांचा नसतो, डिझेलचे किंवा मानधनाचे पैसे थकलेले असतात. तुमच्या तक्रारीनं त्यांच्यावर नोटीस गेली तर गावातली सगळ्यात उपयोगी माणसं तुम्ही गमावलीत.

ग्रामसभेला दहा घरांतली वीस माणसं न्या आणि कार्यवृत्तात ठराव लिहिला जाईपर्यंत बसून राहा. जेवणाची वेळ झाली की सभा उठते, आणि शेवटचे विषय कागदावर "चर्चा झाली" एवढ्यावर निभावतात.

पाकिटावरच्या कंपनीला पत्र

तिसऱ्या ढिगाची जबाबदारी कायद्यानं कंपनीवर आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाकीट बाजारात आणणाऱ्यानं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून तेवढं प्लॅस्टिक परत गोळा करवायचं असतं. नोंदणी क्रमांक पाकिटावर किंवा क्यूआर कोडमध्ये असतो. वहीत ज्या तीन कंपन्यांची पाकिटं सगळ्यात जास्त भरली, त्यांच्या ग्राहक सेवेला आकड्यासकट लिहा: तुमची इतकी पाकिटं आमच्या बारा घरांत आठ दिवसांत आली, बेळगाव जिल्ह्यात ती कोण गोळा करतो? गोणपाटात भरून पार्सल पाठवायची कल्पना तरुणांना फार आवडते. मला नाही आवडत. पोस्टाचा खर्च आपला आणि उघडणारा पगारी शिपाई.

उद्यमबागेतून बंदरापर्यंत

जहाजांचा धूर हा विषय बेळगावात काढला की लोक वेड्यात काढतात. पण उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्रीत ओतलेलं लोखंड कंटेनरमध्ये बसून परदेशात जातं, तेव्हा त्या धुरात आपलाही वाटा असतो. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी जवळपास ३ टक्के जहाजांमुळे येतात. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० ला ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली, त्यानं हवा थोडी सुधारली, कार्बन तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जुलै २०२३ मध्ये २०५० च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट घेतलं. ते गाठण्यासाठीच्या शुल्काच्या चौकटीवर ऑक्टोबर २०२५ मध्ये मत घ्यायचं होतं, ते वर्षभर पुढं ढकललं गेलं.

प्लॅस्टिक आणि जहाज हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत, हे २५ मे २०२५ ला दिसलं. एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज केरळजवळ बुडालं आणि किनाऱ्यावर साबुदाण्यासारखे प्लॅस्टिकचे दाणे वाहून आले. बादली, पिशवी, झाकण सगळं त्याच दाण्यांपासून होतं.

आपण काय करायचं? मंडळात एखादा तरी फौंड्रीत डिस्पॅचला असतो. त्याच्यामार्फत मालकाला भेटा. धुराचं पाप काढू नका, हिशेब काढा. बेळगाव ते न्हावा शेवा बंदर रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या आसपास. भरलेला ट्रेलर लिटरला तीन किलोमीटर धरला तर १६७ लिटरच्या आसपास डिझेल, आणि लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका फेरीला साडेचारशे किलोच्या घरात. अर्धा भरलेला कंटेनर गेला तर माल निम्मा, धूर जवळपास तेवढाच. म्हणून पहिला प्रश्न: शेजारच्या दोन कारखान्यांचा माल एकत्र भरता येईल का? दुसरा: तारीख आठ दिवस आधी ठरवली तर घाईची विमानवाहतूक टळेल का, आणि सावकाश जाणारं जहाज घेता येईल का? जहाजाचा वेग १० टक्के कमी केला तर तेवढ्याच अंतराला इंधन साधारण १९ टक्के कमी लागतं. तिसरा: कास्टिंगभोवती गुंडाळलेलं थर्मोकोल आणि गंजरोधक पिशव्या यांतलं काय परत वापरता येतं?

युरोपला माल जात असेल तर मालक ऐकतो. तिथं १ जानेवारी २०२४ पासून जहाजांच्या कार्बनवर शुल्क आहे आणि ते भाड्याच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसतं. ती ओळ त्याला दाखवायला सांगा. पुढचं बोलणं आपोआप होतं.

पुन्हा ताणकाटा

सहा महिन्यांनी त्याच बारा घरांत पुन्हा पोती द्या. काटा तोच, दिवस आठच. एक खबरदारी घ्या: पहिली मोजणी साध्या महिन्यात केली असेल तर दुसरी जत्रेच्या किंवा गणपतीच्या आठवड्यात करू नका, आकडे भलतंच सांगतील. घर बदललं असेल, कुणी पुण्याला गेलं असेल, तर वहीत तसं लिहा आणि ते घर दोन्ही बेरजांतून काढा. नवी बेरीज जुनीच्या शेजारी त्याच पानावर लिहा, आणि पान पीडीओच्या टेबलावर ठेवायच्या आधी त्याची झेरॉक्स काढून घ्या.